खापर फुटलं, आखाजी नऊ दिवसांवर. मांड्यांचं खापर कुठं मिळेल?

तापीकाठची | शुक्रवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली आणि आमचं खापर, पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं भांडं, गेलं. गेलं म्हणजे माझ्याच हातून गेलं, खोटं कशाला बोलू. आईनं दिलेलं, चोपड्याहून पुण्यापर्यंत एसटीत मांडीवर धरून आणलेलं. फ्लॅटमध्ये चूल कुठली, म्हणून परवा तालीम करायला गॅसच्या मोठ्या शेगडीवर पालथं घातलं. पाच मिनिटं बरं चाललं. मग 'टच्च' असा बारीक आवाज झाला. मला वाटलं लायटर पडला. बघते तर मधल्या भागापासून काठापर्यंत केसाएवढी रेघ. हात लावला आणि दोन तुकडे.

त्याच रात्री ऑनलाइन एक 'ट्रॅडिशनल मांडे पॉट' मागवलं. आलं ते उथळ, कढईएवढं, वरून चकचकीत काहीतरी फासलेलं, काठाचा टवका उडालेला. परत घ्यायला विकणारा तयार नाही, म्हणे मातीची वस्तू परत होत नाही. आता त्यात तुळस लावली आहे.

तर प्रश्न दोन. खरं खापर अजून कुठं मिळतं? आणि गॅसवर ते टिकवायची काही युक्ती आहे का? सासूबाई म्हणतात या वर्षी तव्यावर पुरणपोळ्या कर, कोण बघतंय. पण आमरसाशी मांडा नसेल तर मला आखाजी झाल्यासारखी वाटत नाही.

सीमाभागी | शुक्रवार, सकाळी १०:१५

मांडे तर आमच्या बेळगावचे ना? लग्नाच्या रुखवतात असतात ते. खान्देशात कधी गेले?

तापीकाठची | शुक्रवार, सकाळी १०:२२

नाव एक, पदार्थ वेगळा. तुमच्या मांड्यात पिठीसाखर, खसखस असते, पालथ्या कढईवर भाजून घडी घातली की तो कुरकुरीत होतो आणि दिवसेंदिवस टिकतो. आमच्या मांड्यात पुरण असतं, तो रुमालासारखा मऊ असतो आणि त्याच दिवशी संपतो. संपवतातच.

शिरपूरना पोऱ्या | शुक्रवार, सकाळी १०:५०

राम राम ताई. चूल शिवाय खापर म्हनजे बैल शिवाय गाडी शे. मनी जिजी सांगस, खापरले घाई चालत नही.

बाकीच्यांसाठी मराठीत सांगतो. गॅसची ज्योत मधोमध लागते. मधला भाग तापून लाल आणि काठ गार, मग माती तडकणार नाही तर काय? चुलीत तुरकाठ्या घातल्या की जाळ पसरून पूर्ण पोटाला आतून लागतो. आमच्याकडे तुरकाठ्या आणि पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) दोन्ही चालतात. जाड लाकूड नको, त्याचा विस्तव होतो, जाळ होत नाही. मांड्याला जाळ लागतो.

निरीक्षक | शुक्रवार, सकाळी ११:०५

एवढा खटाटोप कशाला? लोखंडी कढई पालथी घाला, झालं काम. चव पुरणाची असते, भांड्याची नव्हे. उगाच मातीचं कौतुक.

मोठी वहिनी (यावल) | शुक्रवार, दुपारी १२:३०

निरीक्षक भाऊ, तुम्ही मांडा केलेला दिसत नाही. खाल्लेला असेल, पण खाणं वेगळं.

सांगते ऐका. गहू आदल्या दिवशी ओलवून, सुकवून दळून आणायचा. पीठ पातळ कापडातून गाळायचं. मीठ आणि तेलाचं बोट घालून सैल भिजवायचं आणि मग परातीत आपटायचं. मळायचं नाही, आपटायचं. पाण्याचा हात लावत लावत अर्धा-पाऊण तास. आमच्या थोरल्या जाऊबाई आपटायला बसल्या की शेजारची चिंगी विचारायची, काकू कोणावर रागावल्या? पीठ झालं का हे बघायची खूण म्हणजे चिमटीत धरून वर उचललं की धागा तुटायला नको, हाताबरोबर कोपरापर्यंत यावं.

मग दोन पाऱ्यांमध्ये पुरणाचा गोळा, कडा दाबून बंद. पुरण पाट्यावर वाटलेलं हवं, डाळीची एक कणी राहिली की तिथंच भोक पडतं. पोळपाटावर तळहाताएवढं लाटून घ्यायचं, तांदळाच्या पिठीत घोळवायचं आणि तिथून पुढं लाटण्याला सुट्टी. मांडा दोन्ही हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर, मुठी मिटलेल्या, फिरवत फिरवत. आपल्याच वजनानं तो खाली ओघळतो आणि मोठा होतो. मनगट, मग अर्धा हात, मग कोपर. आरपार पुरण दिसायला लागतं. तेवढ्यात चुलीपाशी वाकून दोन्ही हात उलटे करून तो खापरावर सोडायचा. एकदाच. सुरकुती पडली की सरळ करता येत नाही.

आता कढईचं. लोखंड भसकन तापतं, एवढी पातळ पापुद्र्याची पोळी टाकल्या टाकल्या करपते आणि आत पुरण गारच. खापर हळू तापतं आणि सारखं तापतं. म्हणून मांडा भाजतो पण वाळत नाही. आणि आकाराचं काय? अडीच फुटी मांडा कढईच्या पाठीवर कुठून मावणार?

आंबाझरी | शुक्रवार, दुपारी १:१०

आमच्या नागपूरला मटक्यावरची लंबी रोटी असते, तीही हातावरच लांबवतात. पुरण नसतं. सावजी रश्श्याबरोबर. वहिनींचं वर्णन वाचून दोन्ही बहिणी वाटतात.

मोठी वहिनी (यावल) | शुक्रवार, दुपारी १:४०

चुलत बहिणी म्हणू. आमचीला साखर आहे.

एदलाबादी | शुक्रवार, दुपारी ३:०५

खापर न मिळाल्याची तक्रार नवी नाही हो. ज्ञानदेवांना मांडे खावेसे वाटले म्हणून मुक्ताई कुंभाराकडे खापर मागायला गेली. विसोबा चाटीनं गावातल्या कुंभारांना दम भरून ठेवला होता, कोणी दिलं नाही. मग ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून पाठ तापवली आणि मुक्ताईनं पाठीवर मांडे भाजले, अशी कथा. ती घडली पैठण-आळंदीकडे, पण मुक्ताई अखेर आली आमच्या तापीकाठी. मेहुणला विजेच्या कडकडाटात गुप्त झाली म्हणतात, कोथळी-मेहुणची वारी आजही भरते. एदलाबादचं नाव तिच्यामुळेच मुक्ताईनगर झालं.

मला त्या कथेत चमत्कारापेक्षा एक गोष्ट नेहमी खटकते. घरात पीठ होतं, पुरण होतं, करणारी होती. अडलं फक्त कुंभारापाशी.

मातीकाम | शुक्रवार, रात्री ९:२०

एदलाबादी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. एरवी मी नुसता वाचतो.

माझे वडील खापरं करायचे. मी करत नाही, मी एका कारखान्यात साचे तपासतो. पण लहानपणी दोन उन्हाळे त्यांच्या हाताखाली काढलेत, म्हणून सांगू शकतो की तुम्हाला खापर का मिळत नाही.

माठ चाकावर होतो, खापर नुसत्या चाकावर होत नाही. चाकावरून जाडजूड उतरवायचं, थोडं ओढलं की आतून गुळगुळीत दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत फुगवायचं. ठोक सारखी पडली नाही तर एक बाजू जाड राहते, आणि ताई, तुमच्या गॅसवर जी रेघ पडली ती बहुधा जाड-पातळ जिथं भेटतात तिथूनच सुरू झाली असेल. मातीत चाळलेली राख आणि लीद घालायची. लीद आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जळून जाते, मातीत बारीक जागा राहतात आणि म्हणून खापर जाळ सोसतं. माठाची माती खापराला चालत नाही, माठ पाझरला पाहिजे आणि खापर तापलं पाहिजे.

वडील दहा खापरं आव्यात लावायचे, सात नीट निघाली तर खूष असायचे. आणि गिऱ्हाईक? ज्या बाईचं खापर चांगलं निघालं ती पुढं दहा-पंधरा वर्षं तोंड दाखवत नाही. चांगलं काम केलं की धंदा बुडतो असा हा एकच धंदा असेल. माठाला दर उन्हाळ्यात गिऱ्हाईक, पणत्यांना दिवाळी, घटाला नवरात्र. खापराला कोणी नाही. त्यात गाळाची माती आणायची तर परवानगी, जळण महाग. आमच्या आळीतली चार घरं वीटभट्टीवर गेली. तिथं रोज पैसे मिळतात.

लोक मांडे 'जपायचे' म्हणतात, पाककृतीचे व्हिडिओ टाकतात. पाककृती कुठं जात नाही हो. खापर थापटणारा गेला की व्हिडिओ बघत बसा.

तापीकाठची | शुक्रवार, रात्री ९:४८

दादा, वाचून गप्प झाले. आईनं ते खापर कितीला घेतलं हे मी तिला कधी विचारलंसुद्धा नाही.

ल्यॉनवासी | शनिवार, पहाटे ४:१०

मूळ धुळ्याचा, सध्या फ्रान्समध्ये. मातीकाम यांनी जे लिहिलं त्याची दुसरी बाजू इथं रोज बघतो.

इथून जवळ ज्युरा डोंगर. तिथलं कोंते नावाचं चीज. साधारण चारशे लिटर दुधापासून चाळीस किलोची एक चकती, गाडीच्या चाकाएवढी. १९५८ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. पण नियम नुसते चीजचे नाहीत, ही गंमत. गाई मुख्यतः मोंबेलियार्द जातीच्या, त्यांना आंबवलेला मुरघास द्यायचा नाही, चारा गवत आणि वाळलेलं गवत. दूध जवळपासच्याच गोठ्यांतलं. तापवायचं तांब्याच्या हंड्यात. मुरवायचं स्प्रूसच्या लाकडी फळ्यांवर, कमीत कमी चार महिने. म्हणजे चीज टिकवायचं म्हणून गवताचं कुरण टिकलं, तांबट टिकला, फळ्या कापणारा टिकला. गावातले शेतकरी मिळून दूध घालतात त्या संस्थेला फ्रुइतिएर म्हणतात, आपल्या दूध सोसायटीसारखीच, पण कित्येक शतकं जुनी परंपरा.

एका तळघरात गेलो होतो. मुरवणारा माणूस छोट्या हातोडीनं चकतीवर टकटक करून कान देत होता, आत भेग आहे का बघायला. मला एकदम आमच्या आजीची आठवण झाली. बाजारात ती खापर बोटानं वाजवून घ्यायची. 'बद्द' वाजलं की खाली ठेवायची.

आंबाझरी | शनिवार, सकाळी ८:३०

मग आपल्याकडेही मांड्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) घ्या की! केळ्यांना मिळालं ना?

ल्यॉनवासी | शनिवार, सकाळी १०:०५

जळगावची केळी, भरताची वांगी आणि नवापूरची तूरडाळ, तिन्हींना २०१६ मध्ये मिळालं. ती शेतात येणारी पिकं. मांडा दोन तासांत संपणारी गोष्ट, नाव कशाला चिकटवणार? खापराला चिकटवता आलं तर कदाचित. आणि नुसतं नाव मिळून भागत नाही. आसोदा-बामणोदच्या वांग्याला नाव मिळालं, पण ते कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचल्याशिवाय भरीत होतं का? बडगी कोण करतो हे कोणत्या कागदात लिहिलंय?

निरीक्षक | शनिवार, सकाळी १०:३०

हे पटलं. कढईचं मागे घेतो. (वहिनी, मांडा करून बघितला नाही हे खरं आहे. मनातले मांडे मात्र बरेच खाल्लेत.)

अमळनेरकर | शनिवार, दुपारी १२:००

थोडं विषयांतर, पण वळणाचंच. आमच्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. शेंगदाण्याचं तेल घट्ट करून डबे. तीच पुढं विप्रो झाली, संगणकात गेली. या भागात भुईमूग, कपाशी भरपूर, म्हणून तेलाचे कारखाने इथं येणं साहजिकच. पण डबा आणि नंतर रिफाइंड घरात आलं आणि आळीतला बैलाचा घाणा बसला. मी पाहिलेला शेवटचा घाणा: घाण्याची लाकडी लाट करकरायची, वास अख्ख्या गल्लीत, आणि आम्ही पोरं ताजी कोमट पेंड गुळाबरोबर खायला उभी. उरलेली पेंड म्हशीला.

आता चौकाचौकात 'लाकडी घाणा' पाट्या आल्यात. मोटर असली तरी चालेल, हळू फिरतो, तेल फार तापत नाही. पण शंका एकच: ल्यॉनवासी भाऊ, तुमच्याकडच्या ऑलिव्ह तेलाला जसं मोजमाप आहे तसं आपल्याकडे दुकानात कोण मोजतं?

ल्यॉनवासी | शनिवार, दुपारी २:४०

जिभाऊ, तिकडे मोजमाप कडक. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणायचं तर आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत, शिवाय चाखणाऱ्यांची समिती. 'कोल्ड एक्स्ट्रॅक्शन' लिहायचं तर काढताना तापमान २७ अंशांखाली. ऑलिव्ह हे फळ, झाडावरून काढलं की आंबायला लागतं, म्हणून शक्यतो त्याच दिवशी गिरणीत. आपला शेंगदाणा किंवा तीळ सुकं बी, त्याला तेवढी घाई नाही. आणि फसवणूक तिथंही होते, त्यामुळे तिकडचं सगळं सोनं असं समजू नका.

रानमेवा | शनिवार, दुपारी ४:१५

कोणी बिबड्यांबद्दल (ज्वारीच्या पापडांबद्दल) बोलेल म्हणून वाट बघत होते. हेच दिवस आहेत. तीन दिवस भिजवलेली ज्वारी, कोंडा काढून दळलेली, मोठ्या पातेल्यात लसूण-मिरची-जिरं-तीळ घालून शिजवायची. एकटीनं होत नाही. एक ढवळते, एक जाळ सारते, दोघी-तिघी गच्चीवर ओल्या धोतरावर थापतात. सकाळी सात वाजता संपवायचं, नाहीतर ऊन डोक्यावर. पोरांना वाटीत गरम घाट्या, म्हणजे तेच शिजलेलं पीठ, आणि वर कच्चं तेल, हीच त्यांची मजुरी.

आमच्या गल्लीत आठ घरं मिळून आठ सकाळी बसायची. या वर्षी तीन घरं उरली. बाकीच्या बचत गटाकडून किलोवर घेतात. वाईट नसतात, पण घाट्या पुडीत येत नाहीत.

तापीकाठची | शनिवार, रात्री ८:००

सगळ्यांचे आभार, पण खापर अजून मिळालेलं नाही, हे आठवण करून देते.

मातीकाम | शनिवार, रात्री ८:४०

ताई, आखाजीला पितरांची घागर लागते. नवी घागर, तीवर डांगर (खरबूज) ठेवायचं. म्हणून आधीच्या आठवडे बाजारात कुंभार घागरी घेऊन बसतातच. चोपडा, यावल, अमळनेर कुठंही. घागरींच्या मागं पोत्याखाली खापर असतं, मांडून ठेवत नाहीत, विचारावं लागतं. भाव करू नका. वाजवून घ्या.

घेतल्यावर पहिल्या दिवशी नुसता मंद जाळ, तासभर. आपोआप गार होऊ द्या. तेलाचा बोळा फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मांडे. गॅसवर अजिबात नाही.

तापीकाठची | आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ११:००

मिळालं! भाऊ चोपड्यात राहतो, त्याला बाजारात पाठवलं. दादांनी सांगितलं तसंच, घागरींच्या मागं पोत्याखाली. म्हाताऱ्या बाबांकडे दोनच होती. भावानं वाजवलं तर बाबा हसले, म्हणाले, "कोनी शिकाडं रे तुले?" मग मीच चोपड्याला गेले, सासूबाईंनाही घेऊन.

गच्चीवर विटांची चूल. पहिला मांडा हातातच फाटला, पुरण पायावर, भाजलं नाही पण ओरडले. दुसरा खापरावर पडला तो चुरगळून. तिसरा आईनं केला म्हणून मोजत नाही. चौथा माझा. कोपरापर्यंत नाही आला, मनगटाच्या चार बोटं पुढं थांबला, पण सोडला तो सपाट पडला, फुगे आले आणि कडेनं आपोआप सुटला. घडी घालून सासूबाईंच्या ताटात, आमरसाच्या वाटीशेजारी. त्या काही बोलल्या नाहीत, दुसरा मागितला.

दुसरं खापरही घेऊन ठेवलंय. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बसेन की नाही सांगता येत नाही.

मोठी वहिनी (यावल) | सकाळी ११:२०

शाब्बास ग. चार बोटं पुढच्या आखाजीला वाढतील. खापर तापलं का ते कसं बघितलंस?

तापीकाठची | सकाळी ११:२५

पाण्याचा शिंतोडा मारून. चर्र झालं की टाकायचा.

मातीकाम | सकाळी ११:२७

पाणी नको ताई!! तापल्या खापरावर गार पाणी म्हणजे दुसरी रेघ. पिठाची चिमूट टाका, बदामी झाली की तयार.

शिरपूरना पोऱ्या | सकाळी ११:३१

जिजी तर चाळीस वरीसथून पानीच शिपडस.

मातीकाम | सकाळी ११:३३

आणि जिजींनी चाळीस वर्षांत किती खापरं घेतली ते विचारा जरा.

शिरपूरना पोऱ्या | सकाळी ११:५०

विचारं. सात.